खत नंतर, आधी मुळं बघा: पिवळी पानं आणि तपकिरी टोकं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मनीप्लांटची खालची पानं एकामागोमाग एक पिवळी होऊन गळताहेत, वरचं पान मात्र हिरवं आहे. पीस लिलीनं माना टाकल्यात आणि पाणी घातलं तरी ती उठत नाही. अरेका पामच्या पानांची टोकं तपकिरी होऊन वाळताहेत. तिन्ही झाडं खिडकीपासून आठ-दहा फूट आत आहेत. रोज सकाळी प्रत्येकाला पेलाभर पाणी, आठवड्यातून एकदा विरघळणारं खत, आणि महिन्याभरापूर्वी तिघांनाही मोठ्या कुंड्या मिळाल्या. शेवटी तुम्ही विचारलंय, 'आता कोणतं खत देऊ?'

आत्ता कोणतंच नको. वाढत्या झाडाला खत लागतं. ज्याची मुळं काम करत नाहीत त्याच्या कुंडीत खत घातलं की मातीतले क्षार वाढतात, आणि उरलेली मुळंही भाजतात. तुमच्या वर्णनात भुकेची लक्षणं कमी आणि मुळं गुदमरल्याची जास्त दिसतात. पान पिवळं पडतं तेव्हा बिघाड होऊन बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. म्हणून पानावरून अंदाज बांधावा आणि खात्री मुळांवरून करावी.

दुरून पक्कं निदान होत नाही, हेही सांगून टाकतो. खोलीत उजेड किती, कुंडी मातीची की प्लास्टिकची, आतली माती चिकट की भुसभुशीत, पाणी क्षारांचं की मऊ, ऋतू कोणता, यावर बरंच ठरतं. त्यामुळे खाली नुसते उपाय देत नाही, कसं तपासायचं ते देतो. तपासल्यावर उपाय बहुधा तुमचा तुम्हालाच सुचेल.

पाणी जास्त झाल्यानं झाड नेमकं कशानं मरतं ते आधी समजून घ्या. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो आणि तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की हवा आत शिरत नाही आणि बारीक मुळं मरू लागतात. मेलेल्या मुळांवर पिथियमसारख्या, ओल आवडणाऱ्या रोगजंतूंचं फावतं आणि कूज सुरू होते. आता गंमत बघा: मुळं कुजली की माती ओली असूनही पाणी वर चढत नाही, आणि झाड तहानलेल्या झाडासारखंच माना टाकतं. माणूस ते बघतो आणि आणखी एक पेला ओततो. पीस लिली या बाबतीत फार उपयोगी झाड आहे. खरोखर तहानलेली असेल तर पाणी दिल्यावर काही तासांत ताठ उभी राहते. माती ओली आणि तरीही ती आडवी असेल, तर मुळं गेली असंच धरून चाला.

मग तिघांची तब्येत एकदमच का बिघडली? मला तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात.

पहिली, उजेड. आपला डोळा कमी उजेडाशी इतका पटकन जुळवून घेतो की खिडकीजवळ आणि दहा फूट आत फारसा फरक जाणवत नाही. झाडाला तो जाणवतो. इतक्या आत खिडकीजवळच्या उजेडाचा दहावा हिस्साही बरेचदा पोचत नाही. उजेड कमी म्हणजे पानातून उडणारं पाणी कमी, वाढ कमी, आणि मातीतलं पाणी जिथल्या तिथे. खिडकीत ठेवलेल्या झाडाला जे पाणी चार दिवसांत संपतं, तेच आतल्या झाडाला दोन आठवडे पुरू शकतं. म्हणूनच 'अमुक झाडाला आठवड्यातून इतक्या वेळा पाणी' या कोष्टकांवर माझा विश्वास नाही.

दुसरी, मोठी कुंडी. मुळं पोचलेली नाहीत अशा मातीतलं पाणी शोषायला कोणीच नसतं. ती दिवसेंदिवस ओली राहते आणि मधल्या मुळांच्या गड्ड्यालाही ओलं ठेवते. झाडाला 'मोकळं वाढू दे' म्हणून दुप्पट मोठी कुंडी देणं हे मूळकुजीचं अगदी नेहमीचं कारण आहे. कुंडी बदलायचीच तर मुळांच्या गड्ड्याभोवती दोन-तीन सेंटीमीटर जागा राहील एवढीच मोठी घ्यावी.

तिसरी, रोजचा पेला. ही सवय दोन्ही बाजूंनी नडते. कुंडी लहान आणि माती घट्ट असेल तर तळ कायम ओला राहतो. कुंडी मोठी आणि मधला गड्डा कोरडा ठणठणीत असेल तर पेलाभर पाणी वरच्या दोन इंचांतच जिरतं. वरून बघावं तर माती ओली आणि आत मुळं कोरडी. शिवाय थोडंथोडं घातलेलं पाणी तळातून कधीच बाहेर पडत नाही, म्हणजे खतातले आणि पाण्यातले क्षार आतच साठत जातात. पामची टोकं कशानं जळताहेत, त्याचा एक धागा इथे आहे.

आता तपासणी. आधी कुंडी उचलून बघा. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत आतली कुंडी ठेवली असेल तर ती बाहेर काढा आणि तळाशी पाणी साचलंय का पाहा. पुष्कळ घरांत रोग तिथेच सापडतो. मग खालचं भोक मोकळं आहे का बघा. कधी मुळांनी, कधी मातीनं ते बुजलेलं असतं. त्यानंतर कबाबच्या काडीसारखी लाकडी काडी कडेनं कुंडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी जिथे गडद आणि माती चिकटलेली, तिथपर्यंत ओल आहे. बोट घालून फक्त वरचे दोन इंच कळतात, मोठ्या कुंडीत तेवढं पुरत नाही. ओलावा मोजणारी सळई असेल तर तिच्यावर फार विसंबू नका. स्वस्त उपकरणं मातीची विद्युतवाहकता मोजतात, आणि खताचे क्षार साठले असतील तर कोरडी मातीही ओली दाखवतात.

यानंतर झाड कुंडीतून काढा. लोक याला घाबरतात, पण कुंडी आडवी करून कडेनं थोपटली आणि खोड धरून गड्डा हलकेच ओढला तर काही बिघडत नाही. निरोगी मूळ पांढरं किंवा दुधी असतं, दाबल्यावर टणक लागतं. कुजलेलं तपकिरी-काळपट आणि बुळबुळीत असतं. दोन बोटांत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि हातात आतला दोऱ्यासारखा तंतू उरतो. गटारासारखा वास आला तर शंकेला जागाच नाही. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नका: ड्रॅसिना आणि स्नेक प्लांटची निरोगी मुळं जातीचीच पिवळट-केशरी असतात, आणि कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढलेली मुळं थोडी डागाळलेली दिसतात. टणक आहे की मऊ, ही खरी कसोटी.

गड्ड्याच्या पोटातही डोकवा. नर्सरीतून आलेल्या रोपाच्या मुळांभोवती कधीकधी पातळ जाळीची टोपी तशीच राहिलेली असते, तर कधी चिकट मातीचा विटेसारखा गोळा. बाहेर तुम्ही कितीही छान भुसभुशीत मिश्रण भरलंत, तरी आतला गोळा एक तर पाणी घेत नाही किंवा घेतलेलं सोडत नाही. जाळी असेल तर कात्रीनं उभी कापून काढा. चिकट गोळा असेल तर बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि बोटांनी हळूहळू सोडवा. सगळाच सुटला पाहिजे असा हट्ट नको. पामच्या बाबतीत तर मुळीच नको, त्याची मुळं दुखावली की ते महिनोन्महिने रुसतं. पामची मुळं टणक असतील तर न धुता, न कापता गड्डा तसाच ठेवा.

पाहणीत बहुधा तीनपैकी एक चित्र दिसेल. मुळं टणक, माती मात्र चिंब: हे सर्वांत सोपं. झाड पुन्हा लहान कुंडीत घाला किंवा आहे त्याच कुंडीत ठेवून उजेडाच्या जागी हलवा, आणि काडी दोन-तृतीयांश कोरडी येईपर्यंत पाणी तोडा. दुसरं चित्र, गड्डा पोटात कोरडा: वाळलेलं पीट आणि जुनी माती पाणी झटकते, वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ तळाला जातं आणि भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं पाणी पोटभर झालं. अशी कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत पाण्यात २० ते ३० मिनिटं ठेवा, मग पूर्ण निथळू द्या. तिसरं चित्र म्हणजे कूज, त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पीस लिलीत तेच निघेल असा माझा अंदाज आहे.

जुनी माती शक्य तितकी झाडून टाका आणि मुळं साध्या पाण्यात धुवा. धारदार कात्री किंवा ब्लेड ७० टक्के अल्कोहोलनं पुसून घ्या. मऊ मुळं टणक भाग लागेपर्यंत कापा. कापलेली जागा आतून पांढरट दिसली पाहिजे. एखाददुसरं मूळ अर्धं चांगलं, अर्धं मऊ असतं, तिथे चांगल्या भागात अर्धा सेंटीमीटर आत जाऊन कापा. प्रत्येक झाडानंतर ब्लेड पुन्हा पुसा. मनीप्लांट आणि पीस लिली दोन्हींच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्वचेला खाज सुटू शकते, म्हणून हातमोजे बरे. कापलेल्या जागी काही चोळायची गरज नाही, आणि बुरशीनाशक ओतून मेलेलं मूळ जिवंत होत नाही. ओल आटोक्यात आली आणि हवा मिळाली की निम्मं काम झालं.

नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या मापाची नको. बरेचदा ती आधीच्या कुंडीपेक्षा लहानच निघते, आणि ते बरोबर आहे. जुनीच कुंडी वापरायची असेल तर घासून साबणानं धुवा. मिश्रणासाठी माझं नेहमीचं प्रमाण दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे), एक भाग चाळलेलं गांडूळखत. पाम आणि मनीप्लांटला हे चालतं. स्नेक प्लांट किंवा झेडझेड प्लांट असेल तर पर्लाइट दुप्पट करतो आणि कोकोपीट निम्मं. विटेच्या रूपात मिळणारं कोकोपीट भिजवून दोन-तीन वेळा पाणी बदलून धुऊन घ्या, कारण त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार राहिलेले असतात. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा: लाडू वळला पाहिजे, बोटानं टोचताच फुटला पाहिजे, आणि बोटांमधून पाण्याची धार लागता कामा नये. बागेतली काळी माती एकटी कुंडीत भरू नका. जमिनीत ती चांगली असते. कुंडीत दोन-चार महिन्यांत बसून दगड होते.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालण्याची पद्धत फार पसरलेली आहे, तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते सीमेवरच अडून राहतं. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो आणि मुळांच्या जास्त जवळ येतो. निचरा हवा असेल तर तो संपूर्ण मिश्रणात हवा, आणि कुंडीला भोक हवं. माती निसटू नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा ठेवला तरी पुरतं.

कुंडीत बसवल्यावर एकदा पाणी घाला, निथळू द्या, आणि मग हात आवरा. मुळं निम्म्याहून जास्त कापावी लागली असतील तर पीस लिलीची बाहेरची लोळलेली पानं बुडाशी कापा, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार कमी होतो. वरून पारदर्शक पिशवी सैल घातली तर आठ-दहा दिवस पानांतून पाणी कमी उडेल. पिशवी रोज दहा मिनिटं काढा आणि झाड उन्हात अजिबात ठेवू नका, आत भट्टी होते. चार ते सहा आठवडे खत नाही.

जागेबद्दल: तिन्ही झाडं खिडकीच्या तीन-चार फुटांत आणा, पण सरळ ऊन पानांवर पडणार नाही अशी. सावलीत वाढलेलं पान एकदम उन्हात गेलं की दोन-तीन तासांतही भाजतं. उन्हाच्या बाजूला पांढुरके, कागदासारखे चट्टे येतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत. आठवडाभरात टप्प्याटप्प्यानं सरकवा. एसीचा झोत थेट पानांवर येत असेल तर तीही जागा बाद. आणि १० अंशांच्या आसपासची थंडी पीस लिलीसारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना बाधते, तेव्हा थंडीत रात्री काचेला चिकटवून ठेवू नका.

यापुढे पाणी घालायची रीत एकच: वार बघायचा नाही, कुंडी बघायची. पोटभर पाणी घालून निथळल्यावर कुंडी उचला आणि वजन हाताला लक्षात राहू द्या. चार दिवसांनी पुन्हा उचला. दोन-तीन खेपांत हात स्वतःच सांगायला लागतो. पीस लिलीला वरचा इंचभर थर कोरडा झाला की पाणी, मनीप्लांटला निम्मी कुंडी कोरडी झाल्यावर, पामला वरचे दोन इंच. घालाल तेव्हा तळातून बाहेर येईपर्यंत घाला, आणि ताटलीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

आता पामकडे वळू, कारण त्याची गोष्ट वेगळी असण्याची शक्यता आहे. तपकिरी टोकांची कारणं अनेक आणि दिसायला सगळी सारखीच. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी खरपुडी असेल तर क्षार साठलेत, हे जवळपास नक्की. दर आठवड्याला खत आणि तळातून कधीच न निघणारं पाणी, याचा हा हिशेब आहे. पानातलं पाणी टोकाशी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, म्हणून आधी टोक जळतं. उपाय म्हणजे कुंडी धुणं. वरची खरपुडी चमच्यानं खरवडून काढा, मग कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते चार पट साधं पाणी सावकाश ओता; पाच लिटरच्या कुंडीला दहा ते वीस लिटर. घाई केली तर पाणी कडेनं निसटतं, म्हणून तीन-चार हप्त्यांत, मध्ये निथळू देत. हे करण्याआधी मुळं टणक आहेत आणि निचरा होतो आहे याची खात्री हवी. कुजणाऱ्या गड्ड्यात वीस लिटर पाणी ओतलंत तर उरलंसुरलं झाडही जाईल.

कोणतं पाणी घालता तेही बघा. आरओ यंत्रातून बाजूला टाकलं जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घातलं जातं. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात, तेव्हा घरातल्या कुंड्यांना ते नको. फरशी पुसायला वापरा. मीठ वापरून मऊ केलेलं पाणीही टाळा, त्यात सोडियम असतं. क्लोरीन निघून जावा म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवतात. त्यानं साधा क्लोरीन उडतो, क्लोरामाइन आणि फ्लोराइड तसेच राहतात. स्पायडर प्लांट, ड्रॅसिना आणि काही प्रमाणात पाम फ्लोराइडला हळवे असतात, त्यांना पावसाचं किंवा आरओचं पिण्याचं पाणी मानवतं. अशा झाडांना सुपरफॉस्फेटही देऊ नये, त्यात फ्लोराइड असतं.

हवा कोरडी असल्यानंही टोकं वाळतात, पण पानांवर फवारा मारून हवेतली आर्द्रता काही मिनिटांपुरतीच वाढते. झाडं जवळजवळ ठेवल्यानं थोडा फरक पडतो, खरा फरक ह्युमिडिफायरनं. कॅलेथियासारखं नखरेल झाड नसेल तर मी त्यात पडणार नाही.

पामच्या जुन्या पानांवर उजेडात धरल्यावर बारीक पिवळे-केशरी ठिपके दिसत असतील आणि टोकाकडून पान वाळत येत असेल, तर ती पोटॅशियमची कमतरता असू शकते. असं अर्धं पिवळं पान लगेच कापू नका. झाड त्यातून पोटॅशियम काढून नव्या पानाला पुरवत असतं; ते कापलं की वरच्या पानातून काढायला लागतं. पूर्ण तपकिरी झाल्यावरच कापा. मधला न उघडलेला भाल्यासारखा कोंब मात्र कधीच नको, त्या काठीला दुसरा वाढबिंदू नसतो. आणि नर्सरीवाले एका कुंडीत अनेक रोपं दाटीनं लावतात, त्यातली बारीक रोपं पुढे मरतात. ते मनाला लावून घेऊ नका.

याच सूत्रानं बाकीची पानंही वाचता येतात. नत्र, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानातून उचलून नव्याकडे नेऊ शकतं, म्हणून त्यांची उणीव आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर सबंध पान एकसारखं फिकट होत जातं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लोह हलवता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं चित्र सर्वांत नव्या, वरच्या पानांवर दिसलं तर लोहाकडे बघा. तिथेही बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण क्षारांच्या पाण्यानं माती अल्कधर्मी झालेली असते आणि मुळांना ते उचलता येत नाही. किंवा मुळंच खराब असतात. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, ही त्यानंतरची गोष्ट. तुमच्या मनीप्लांटची खालची पानं पिवळी आहेत, वरचं पान हिरवं आहे असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा लोहाचा संबंध नाही. दर आठवड्याला खत असताना नत्र कमी पडण्याचंही कारण नाही. ओल आणि अंधार, याच दोघांवर माझा संशय. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं खालचं पान पिवळं होणं हे वयोमान असतं, त्यासाठी काही करायचं नाही.

घरगुती खतांबद्दल: चहाचा चोथा, केळ्याची सालं, अंड्याची टरफलं वरून टाकणं बंद करा. कुंडीत ती न कुजता बुरसतात आणि त्यावर बारीक काळ्या माश्या येतात. या माश्या घोंघावताना दिसल्या तर वरची माती कायम ओली असल्याचा तो पुरावा समजा.

कीड तपासायची राहिली असेल तर आत्ता तपासा, कारण कोळी कीड पाण्याच्या चुकीसारखीच फसवते. पानाखाली पांढरा कागद धरून पान टपटप आपटा आणि कागदाकडे मिनिटभर बघा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले तर कोळी कीड. पानावर बारीक फिकट टिकल्या आणि काखेत जाळं हीही तिचीच खूण. पामवर कोरड्या उन्हाळ्यात ती हटकून येते. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू जोरदार धारेनं धुवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण ढवळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघा. चार-पाच दिवसांनी पुन्हा, असं निदान तीनदा, कारण फवाऱ्यानं सगळी अंडी मरत नाहीत. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक इथे वापरू नका. कोळी कीटक नव्हे, तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही, उलट ती वाढल्याचं दिसतं. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं टिपा. मुळं बघताना कुंडीच्या आतल्या भिंतीवर तसाच पांढरा भुगा दिसला, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण असू शकतो. मग माती पूर्ण टाकून द्यायची.

क्रम सांगायचा तर आज खत आणि पाणी थांबवा, तिन्ही कुंड्या उचलून काडी घालून बघा. या सुट्टीच्या दिवशी आधी पीस लिली काढा, मग मनीप्लांट. पाम फक्त बघून परत ठेवा, आणि मुळं ठीक असतील तर दुसऱ्या दिवशी धुवा. पुढचे महिनाभर दुसरं काही बदलू नका. लोक इथे हमखास घाई करतात: एकाच आठवड्यात माती, जागा, खत, औषध सगळं बदलतात, आणि झाड सुधारलं किंवा बिघडलं तरी कशानं ते कळत नाही.

पिवळं झालेलं पान हिरवं होणार नाही, त्याकडे बघून निराश होऊ नका. नवं पान कसं येतं तेवढंच मोजा: डाग नसलेलं, आधीच्या इतकं मोठं, ताठ. कोंब हलू लागला आणि दोन नवी पानं नीट उघडली की मग खत, लेबलवर दिलेल्या मात्रेच्या पाव हिश्श्यानं, महिन्यातून एकदा, आणि तेही ओल्या मातीत. वाळलेली टोकं खुपत असतील तर कात्रीनं पानाच्या आकारात कापा, पण तपकिरीची केसभर कड शिल्लक ठेवा. हिरव्यात कापलं तर ती जागा पुन्हा वाळते.

मनीप्लांटच्या बाबतीत एक विमा आजच उतरवून ठेवा. कुंडीत काय निघेल ते निघो, वरच्या हिरव्या वेलीचे दोन-तीन तुकडे कापा, प्रत्येकावर निदान दोन पेरं (पान फुटतं ती गाठ) आणि एक चांगलं पान. पेराशी तपकिरी गाठीसारखं हवाई मूळ दिसतं, ते पाण्यात बुडालं पाहिजे, पान वर राहिलं पाहिजे. कापण्याची जागा पेराखाली बोटाच्या एका पेराएवढी. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. ती दीड-दोन इंच झाली की लहान कुंडीत लावा, पाण्यात फार लांब वाढू देऊ नका, तशी मुळं मातीत रुळायला वेळ घेतात. पीस लिलीचं असं होत नाही. तिच्या पानाला मुळं फुटत नाहीत. मात्र बुडाशी वेगवेगळे फुटवे असतील तर ज्या फुटव्याला तीन-चार टणक मुळं आहेत तो सोडवून वेगळ्या लहान कुंडीत लावा. बाकीचं झाड गेलं तरी तेवढ्यातून ती पुन्हा उभी राहते.